डोकेदुखीच्या आधीची रात्र

तालुक्याच्या गावात दवाखाना असला की डोकेदुखी रोज दारात येते. कुणाचं उन्हातून आल्यावर दुखतं, कुणाचं उपासाने, कुणाचं लग्नघरातल्या जागरणाने. अशा डोकेदुखीचं कारण पेशंट स्वतःच सांगतो आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण “उठल्या उठल्या दुखतं,” असं कुणी म्हणालं की मी त्याला जरा जास्त वेळ बसवून घेते. दिवसा डोकं दुखू लागलेल्या माणसाला आधीचे चार-सहा तास आठवत असतात. दुखतच उठणाऱ्याला ते सांगता येत नाहीत, कारण तेव्हा तो झोपलेला होता. जे काही घडलं ते त्याच्या अपरोक्ष घडलं.

सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात मी पंचवीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस करते आहे. सकाळच्या डोकेदुखीची कारणं पुस्तकात लिहिलेलीच आहेत. ती कुणाच्या तोंडून ऐकायला मिळतात, हे मात्र मला पेशंटच्या घरच्यांनी शिकवलं.

कारखान्याचा सीझन सुरू असताना एक ट्रॅक्टरवाला आला होता. दोन ट्रेलर ऊस भरून रात्री-अपरात्री कारखान्यावर जायचं, नंबर लागेपर्यंत तिथेच थांबायचं, असं काम. वय चाळिशीतलं, मान जाड, पोट सुटलेलं. म्हणाला, “मॅडम, बीपीची गोळी वाढवून द्या. सकाळी उठलं की डोस्कं दोन्हीकडनं गच्च धरतंय. दहा वाजंस्तोवर उतरतंय.” बीपी १५०/९४ भरलं.

आपल्याकडे हा समज फार पक्का आहे: बीपी वाढलं की डोकं दुखतं आणि डोकं दुखत नसेल तर बीपी ठीक. दोन्ही बाजूंनी तो घात करतो. १५०-१६० पर्यंतच्या बीपीने सहसा डोकं दुखत नाही. तेवढं बीपी माणूस वर्षानुवर्षं अंगावर वागवतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. १८०/१२० च्या वर गेलं आणि त्यासोबत डोकं ठणकतंय, दिसायला कमी येतंय, छातीत दुखतंय किंवा दम लागतोय, तर तो तातडीचा मामला. या माणसाचं बीपी आणि डोकेदुखी ही दोन्ही तिसऱ्याच कशाची तरी लक्षणं असावीत, असं मला वाटलं.

त्याची बायको दाराशी उभी होती. तिला आत बोलावलं आणि विचारलं, यांची झोप कशी असते? ती म्हणाली, “झोप लागती की. उशीला डोस्कं टेकलं की घोरणं चालू. पर मधीच आवाज बंद हुतो. श्वासच घेत न्हाईत. मी भिऊन हलवते, मग धाडदिशी श्वास घेत्यात.”

निदान तिनेच केलं होतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि हवेची वाट बंद होते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. तेवढ्या वेळात रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात. मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. रात्रभर असं चालल्यावर सकाळी डोकं जड होणारच. ही डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंना असते, दाबल्यासारखी असते, उलटी होत नाही आणि उठल्यापासून चारेक तासांच्या आत ओसरते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. दुपारपर्यंत माणूस विसरून गेलेला असतो.

त्याला डोकेदुखीपेक्षा मोठा धोका वेगळा होता. “गाडी चालवताना डुलकी लागते का?” या प्रश्नावर तो गप्प झाला आणि बायकोने त्याच्याकडे पाहिलं. दोन ट्रेलर मागे लावून, रात्री, ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर. झोपेची तपासणी होईपर्यंत रात्रीची फेरी बंद, यावर मी अडून बसले. तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन त्याला सुरुवातीला नको वाटत होतं. पण पंधरा दिवसांत सकाळचं डोकं उतरलं आणि पुढे बीपीही त्याच गोळीवर ताब्यात राहिलं.

बायकांच्या बाबतीत हे उशिरा उघड होतं. पाळी गेल्यावर घोरणं आणि श्वास अडकणं त्यांच्यातही वाढतं, पण बाई घोरते हे घरात बोलायचंच नसतं. अशा वेळी मला सुना आणि मुली मदत करतात. आई बाहेर वजनकाट्यावर उभी असताना मुलगी हळूच सांगून जाते.

आपल्या भागात सकाळच्या डोकेदुखीचा सगळ्यात मोठा वाटा पित्ताच्या नावावर जमा होतो. पहाटे चार-पाचला डोक्याची एक बाजू ठणकत जाग येते, मळमळतं, खिडकीतून येणारा उजेड सोसत नाही, उलटी झाली की हलकं वाटतं, मग अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. आईलाही असंच होत असे, मावशीलाही. उलटीने बरं वाटलं म्हणजे पित्तच, असा सगळ्यांचा हिशेब. मग कोकमाचं सरबत, मोरावळा, सकाळी उठून घशात बोटं घालून उलटी काढणं. हे सगळं करून थकलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आणि त्यांतल्या बहुतेकींना अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन होतं. मायग्रेनमध्ये मळमळ ही त्या दुखण्याचाच भाग असते आणि उलटीनंतर मायग्रेनही बऱ्याच जणींचं उतरतं. पहाटेची वेळही मायग्रेनच्या आवडीची. त्यात संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात नीट अन्न नाही, रात्री उशिरा जेवण, कमी झोप, एवढं जुळून आलं की दुसऱ्या दिवशीची पहाट हमखास दुखते. मी कुणाला उपास सोडायला सांगत नाही. दर दोन-तीन तासांनी दूध किंवा फळ पोटात जाऊ द्या, पाणी सोडू नका आणि झोपायची वेळ पाळा, इतकं सांगते. अर्धशिशीवर आज चांगली औषधं आहेत. वारंवार दुखत असेल तर ती येऊच नये म्हणून रोज घ्यायचीही असतात.

खरी गुंतागुंत गोळ्यांमुळे होते. एक शिंपीकाम करणाऱ्या ताई रोज पहाटे दुखत उठायच्या आणि चहाच्या आधी एक गोळी घ्यायच्या. मेडिकलमधून पट्टीच आणून ठेवलेली. गोळी घेतली की दिवस निघायचा आणि रात्रभरात गोळीचा असर संपला की पहाटे पुन्हा दुखायचं. त्यांना वाटत होतं, आजार वाढतोय म्हणून गोळी वाढतेय. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करायला सांगितल्या: गोळी घेतली त्या तारखेला फुली. महिनाअखेर त्या पान घेऊन आल्या. पानावर मोकळी तारीख शोधावी लागत होती.

साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. दुकानात सहज मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत वेदनाशामकासोबत कॅफीनही असतं, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. यावर उपाय म्हणजे ती गोळी थांबवणं, आणि थांबवल्यावर आधी दुखणं वाढतं. पहिले आठ-दहा दिवस कठीण जातात. त्या ताईंच्या नवऱ्याला बोलावून मी हे समजावलं, कारण तिसऱ्या दिवशी रात्री बायकोचे हाल बघून तोच मेडिकलला पळाला असता. त्यांनी निभावलं. दोन महिन्यांनी ताईंना महिन्यात तीन-चार वेळाच दुखत होतं आणि तेवढ्यासाठी वेगळं औषध पुरत होतं.

काही कारणं मी पटकन विचारून बाजूला काढते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर सकाळी कानशिलं आणि जबडा दुखतो. दात झिजलेले दिसतात, दंतवैद्याकडून रात्री लावायची पट्टी करून घेता येते. रोज सहाला चहा पिणारा माणूस रविवारी नऊला उठला, तर चहाविना डोकं धरतं. मशेरीचंही तेच, उठल्यावर मशेरी लावल्याशिवाय डोकं उतरत नाही असं सांगणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि ती तंबाखूची तलफ असते. आदल्या रात्रीची दारू तर बायकोच सांगते.

मात्र इन्शुलिन घेणाऱ्याची सकाळची डोकेदुखी मी कधीच बाजूला काढत नाही. एका आजींना रात्री इन्शुलिन होतं आणि त्या सातला अर्धी भाकरी खाऊन आठला झोपत. पहाटे डोकं दुखे, अंगातलं पोलकं घामाने भिजलेलं असे, वाईट स्वप्नं पडत. घरात सगळे उकाड्याला दोष देत होते. नातवाला मी गजर लावून तीन वाजता शुगर तपासायला सांगितलं. साठच्याही खाली होती. सत्तरच्या खाली गेलेली शुगर धोक्याची, आणि झोपेत ती कुणाच्या लक्षात येत नाही. इन्शुलिनचा डोस बदलला, झोपण्यापूर्वी एक कप दूध सुरू केलं, आणि आजींचं डोकं दुखायचं थांबलं.

माझ्या विचारण्याची रीत बदलली ती एका बाळंतिणीमुळे. संक्रांतीच्या आसपासचे दिवस, थंडी चांगली पडलेली. माहेरी आलेली मुलगी, बाळ तीन आठवड्यांचं. रोज सकाळी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. अशक्तपणा म्हणून ती टॉनिक मागायला आली होती. सोबत आलेली आई खुर्चीत बसताना स्वतःचंच कपाळ चोळत होती. मी आईला विचारलं, तुमचंही दुखतं का? म्हणाली, “होय की, हिच्याजवळच झोपते मी. जागरणानं असंल.” दुपारी कसं असतं? “अंगणात उन्हाला बसलं की बरं वाटतं.” मग बाळाबद्दल विचारलं. बाळ सकाळी अंगावर नीट पीत नव्हतं, सुस्त असायचं.

एका खोलीत झोपणाऱ्या तिघांना एकाच वेळी एकच त्रास. खोलीत काय आहे ते विचारल्यावर उलगडलं: वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद, दाराखाली गोधडी सारलेली आणि बाजेखाली कोळशाची शेगडी रात्रभर. शेक-शेगडी ही आपल्याकडची मायेची पद्धत आहे. पण बंद खोलीतल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९८-९९ दाखवतं, कारण त्या साध्या यंत्राला प्राणवायूने भरलेलं आणि या वायूने भरलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही. तिघांनाही ऑक्सिजनसाठी लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तासात ते होतं. तिघंही सुखरूप घरी आली.

त्या दिवसापासून “घरात आणखी कुणाचं दुखतं?” हा माझा पहिल्या दोन-तीन प्रश्नांतला प्रश्न झाला. बाथरूममधला गॅस गिझर, बंद खोलीत चालणारं जनरेटर, थंडीत शेकोटीचे निखारे घरात घेऊन झोपणं, यांतून तोच वायू येतो आणि माणसं झोपेतच जातात. डोकेदुखी ही तेव्हा मिळालेली एकुलती एक पूर्वसूचना असते. अशी शंका आली तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं, मग बाकीचं.

बाळंतिणीबद्दल थोडं आणखी सांगायला हवं, कारण तिच्या डोकेदुखीकडे घर सगळ्यात कमी लक्ष देतं. जागरण, अशक्तपणा, वारा लागला, अशी उत्तरं तयार असतात. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत रक्त गोठण्याकडे शरीराचा कल असतो. त्यात बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. पाणी प्यायलं की पोट सुटतं म्हणे. रक्त आधीच दाट, अंगात पाणी नाही, वर पंडुरोग. अशा वेळी मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. एका मुलीचं दुखणं चार दिवस वाढत गेलेलं होतं, आडवं झालं की जास्त, पहाटे सर्वांत जास्त, आणि त्या सकाळी तिच्या हाताला झटके आले म्हणून तिला उचलून आणलं. एमआरआयमध्ये शिरेतली गुठळी दिसली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी ती बरी झाली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी अचानक चढूनही असंच डोकं दुखतं, मग डोळ्यांपुढे काजवे, मग झटके. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनने दुखणारं डोकं गुठळीच्या दुखण्याच्या उलट वागतं: आडवं पडलं की बरं, बसलं की ठणकतं. हा फरक घरच्यांना कळण्यासारखा आहे. पण बाळंतिणीचं नवं डोकं दुखणं त्याच दिवशी दाखवायचं, एवढं घरच्यांनी पाळलं तरी पुरे. फरक ओळखण्याचं काम आमचं.

“मॅडम, गाठ तर नसंल?” हा प्रश्न न विचारता फार थोडे लोक जातात. खरं सांगायचं तर सकाळच्या डोकेदुखीच्या बहुसंख्य पेशंटना गाठ नसते. गाठीची डोकेदुखी सकाळीच होते असंही नाही. कित्येकदा ती अगदी साध्या डोकेदुखीसारखी वागते. पण डोक्यातला दाब वाढला की त्याची एक ठेवण असते. रात्रभर आडवं राहिल्याने दाब चढतो, म्हणून पहाटे दुखतं, उठून तासभर वावरलं की कमी होतं. खोकलं, शिंकलं, वाकलं की कळ जाते. मळमळ नसताना उलटी होते. क्षणभर दिसेनासं होतं किंवा एकाचे दोन दिसतात. डोळ्याच्या आत डोकावणारं छोटं उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, मी शिकत असताना विकत घेतलं आणि आजही वापरते. पडद्यामागची नस सुजली आहे का, हे त्यातून दिसतं. वजन वाढलेल्या तरुण मुलींमध्ये गाठ नसतानाही हा दाब वाढतो आणि नजर जाऊ शकते; त्यामुळे “स्कॅन नॉर्मल आला” म्हणून नसेची सूज सोडून देता येत नाही.

तिसरीतल्या एका मुलाची आई आली होती. पोरगा सकाळी डोकं दुखतं म्हणायचा, दात घासताना उलटी करायचा आणि मग चांगला होऊन शाळेत जायचा. दोन-तीन आठवडे असं चाललेलं. शाळेला जायचा कंटाळा, पित्त, चष्मा लागला असेल, असे सल्ले तिला मिळाले होते. शाळेच्या दिवशी डोकं दुखणारी मुलं मीही पाहते आणि त्यांतल्या बहुतेकांना मायग्रेन किंवा ताण असतो. मात्र तिने एक गोष्ट सांगितली: “रविवारी पण दुखतं त्याचं. आणि आताशा तो चालताना भिंतीला हात लावतो.” मी त्याला खोलीभर टाचेला बोटं लावत चालवलं. दोन पावलांत तोल गेला. नस सुजलेली होती. त्याच दिवशी त्याला मेंदूच्या सर्जनकडे पाठवलं. लहान मेंदूजवळ गाठ होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार फार लांबले, आणि घराने खूप सोसलं. मुलगा आज शाळेत जातो. लहान मुलाची सकाळची डोकेदुखी उलटीसह पुन्हा पुन्हा येत असेल, तर आईच्या बोलण्याला मी कधीही काळजीखोरपणा म्हणत नाही.

म्हाताऱ्या माणसांत गोष्ट वेगळ्या वाटेने येते. अ‍ॅन्जिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे एक आजोबा बांधावरून घसरून पडले होते. डोक्याला टेंगूळही नव्हतं. तीन आठवड्यांनी सकाळी डोकं दुखू लागलं, दिवसा पेंग येऊ लागली. घरच्यांना वाटलं वय झालं. सुनेने मात्र पाहिलं होतं की त्यांच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि त्यांना ते कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदूच्या मधे हळूहळू साठलेलं रक्त दिसलं. कवटीला छिद्रं पाडून ते काढलं आणि आठवड्याभरात आजोबा पुन्हा पारावर बसू लागले. आता मी साठीपुढच्या प्रत्येकाला विचारते, गेल्या दोन-तीन महिन्यांत पडला होता का? “न्हाई” म्हणाले तर सुनेला विचारते.

आणखी एक, दुर्मीळ पण सांगण्याजोगं. एक निवृत्त मुख्याध्यापक रोज रात्री दोनच्या सुमाराला डोकं दुखत जागे व्हायचे, तासभर घरात फेऱ्या मारायचे, मग झोपायचे. झोपले नाहीत तर दुखायचं नाही. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी म्हणून आधी सगळ्या तपासण्या केल्या. त्या स्वच्छ आल्या. झोपेतूनच, ठरल्या वेळी उठवणारी ही डोकेदुखी नील रास्किन या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने १९८८ मध्ये पहिल्यांदा नोंदवली. तिच्यावर झोपण्यापूर्वीची एक कप कॉफी पुष्कळांना लागू पडते. मुख्याध्यापकांनाही लागू पडली. हे वाचून कुणी परस्पर कॉफी सुरू करू नये. आधीच्या तपासण्या झाल्याशिवाय त्या कॉफीला अर्थ नाही.

मन हे कारण मी शेवटी लिहिते आहे, पण ते शेवटचं नाही. २००४ मध्ये युरोपातल्या पाच देशांतल्या जवळपास एकोणीस हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण तेरा जणांत एकाला नेहमीची सकाळची डोकेदुखी होती आणि तिच्याशी सर्वांत जास्त जोडलेली दिसली ती चिंता आणि नैराश्य. आमच्या भागात हे वेगळ्या भाषेत येतं. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही, डोकं जड, जेवण जात नाही. “सोसायटीचं कर्ज किती आहे?” असं विचारल्यावर एक गृहस्थ बराच वेळ बोलले, आणि डोकं पुन्हा बोलण्यात आलंच नाही. अशा माणसाला वेदनाशामक देऊन पाठवणं मला पटत नाही. आठवड्याने पुन्हा बोलावते, घरातल्या कुणाला तरी सोबत आणायला सांगते आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे स्वतः फोन करून पाठवते.

मग कधी थांबायचं आणि कधी पळायचं? महिनाभर आठवड्यातून दोन-तीन सकाळी दुखत असेल, तर निवांत वेळ काढून दाखवा. येताना दोन गोष्टी आणा: घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि त्याच खोलीत झोपणारं माणूस. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, आठवड्यागणिक वाढत जाणारी, नेहमीच्या डोकेदुखीचा बाज बदललेली, कॅन्सर किंवा एचआयव्ही असलेल्याची, पडल्यानंतरची, अशी डोकेदुखी निवांत वेळेची वाट पाहत नाही. एक-दोन दिवसांत दाखवायची. कंगवा लावला की डोक्याची कातडी हुळहुळते, चावताना जबडा भरून येतो, असं पन्नाशीपुढच्या माणसाने सांगितलं तर त्याच दिवशी, कारण नजर जाण्याची भीती असते. बारीक ताप, भूक मेलेली, दोन-तीन आठवडे चढत गेलेली डोकेदुखी आणि उलट्या, यात क्षयाचा मेंदूज्वर आपल्या देशात विसरून चालत नाही. आणि मिनिटभरात टोकाला पोचलेलं, आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं असं दुखणं, ताप आणि मान ताठ, झटका, शुद्ध हरपणं, बरळणं, तोंड वाकडं, हातपाय लुळे, अचानक अंधारी, यांतलं काहीही असेल तर माझ्या दवाखान्याकडे येण्यातही वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅन आहे तिथे जायचं.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी सहाला एका घरून मला फोन आला. नवरा उठला तोच डोकं धरून, जीभ जड, डावा हात उचलत नाही. लकव्यातली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेतून उठलेल्या माणसाचे ते तास कुठून मोजायचे, हीच पंचाईत असते. रात्री दहाला झोपला तर तिथूनच मोजावे लागतात. मी बायकोला विचारलं, रात्रीत तुमचं काही बोलणं झालं? “साडेचारला उठले होते, मोटार चालू करायला लाइट आली का बघत होते. माझ्याशी चांगलं बोलले, हात धुऊन परत झोपले.” हे वाक्य तिथल्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांग, म्हटलं, बाकी काही विसरलीस तरी चालेल. १०८ ने ते साडेसातच्या आत पोचले. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, साडेचारपासून तीनच तास झाले होते, इंजेक्शन मिळालं. डाव्या हाताची बोटं अजून थोडी अवघडतात, पण शेतातली मोटार तोच चालू करतो.